घरातलं पाणी गोठू नये म्हणून: शिकागोच्या पहिल्या हिवाळ्याआधी काय करायचं

शिकागोच्या उपनगरांत आपली मराठी कुटुंबं आता बरीच आहेत. त्यांतली नुकतंच पहिलं घर घेतलेली दोन-चार तरी दर जानेवारीत मला फोन करतात. फोन बहुतेक सकाळी सहा-साडेसहाला येतो. "ताई, किचनच्या नळाला पाणीच येत नाहीये. बाथरूममध्ये येतंय. काय करू?" मी आधी एकच विचारते, "घरातलं सगळं पाणी बंद करायचा मेन कॉक कुठे आहे, माहीत आहे का?" पलीकडून उत्तर येत नाही.

त्या न आलेल्या उत्तरापायी हे लिहायला बसले. घर घेताना आपण शाळा बघतो, ऑफिसचं अंतर बघतो, दार कुठल्या दिशेला आहे तेही बघतो. पाणी घरात कुठून येतं आणि कुठे बंद होतं हे कोणी बघत नाही. आपल्याला त्याची सवयच नाही. पुण्या-नाशिकला पाण्याची काळजी म्हणजे ते आज येणार की नाही, एवढीच. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठले की पेपरात बातमी येते. इथे ३० जानेवारी २०१९ च्या सकाळी ओहेअर विमानतळावर पारा उणे २३ फॅरनहाइटवर, म्हणजे उणे ३१ सेल्सिअसला होता. अशा थंडीत घर सांभाळणं अवघड नाही, पण ते ऑक्टोबरातच सुरू करावं लागतं.

पाईप फुटतो कसा

पाणी गोठताना साधारण नऊ टक्के फुगतं. फ्रीझरमध्ये विसरलेली काठोकाठ भरलेली बाटली तुम्ही पाहिली असेलच. पाईपचं मात्र थोडं वेगळं आहे, आणि ते नीट समजलं की पुढची प्रत्येक सूचना का दिली आहे ते आपोआप कळतं. जिथे बर्फ होतो तिथेच पाईप फुटतो असं नाही. पाईपात एका जागी बर्फाचं बूच बसतं आणि ते वाढत जातं. पुढे नळ बंद असतो. बूच आणि बंद नळ यांच्यामध्ये अडकलेल्या पाण्याला जायला जागा उरत नाही, त्याचा दाब प्रचंड वाढतो आणि पाईप तिथे चिरतो. आमच्या घरातला कापून काढलेला तांब्याच्या पाईपचा तुकडा मी अजून ठेवला आहे. उकललेल्या शेंगेसारखा तो उभा चिरला आहे, कडा बाहेर वळल्या आहेत. चीर माझ्या करंगळीएवढी आहे.

दुसरी गोष्ट अशी की पाईप फुटला तरी त्या वेळी कळत नाही, कारण बर्फाचं बूच पाणी अडवून धरतं. थंडी ओसरली, बर्फ वितळला, की मग पाणी सुटतं. एक अष्टमांश इंचाच्या भेगेतून दिवसाला साधारण २५० गॅलन, म्हणजे साडेनऊशे लिटर पाणी जाऊ शकतं. आपल्याकडे गच्चीवर असते तशी हजार लिटरची टाकी रोज दिवाणखान्यात रिकामी होते आहे, असं समजा.

किती थंडीला घाबरायचं? इलिनॉय विद्यापीठातल्या बांधकाम संशोधकांच्या चाचण्यांत, अ‍ॅटिकमधून, म्हणजे छपराखालच्या पोकळीतून, नेलेले उघडे पाईप बाहेरचं तापमान २० फॅरनहाइटच्या (उणे ७ सेल्सिअस) आसपास आलं की गोठू लागले. शिकागोकडच्या घरांत पाईप बहुतेक आतल्या भिंतींमधून नेलेले असतात, म्हणून सर्वसाधारण २० अंशांच्या रात्री इथे काही होत नाही. पण प्रत्येक घरात एक-दोन कच्च्या जागा असतातच. टेक्सास, जॉर्जियाकडे तर अ‍ॅटिकमधून पाईप नेणं सर्रास चालतं. फेब्रुवारी २०२१ मध्ये डॅलसला पारा उणे २ फॅरनहाइटपर्यंत गेला, तेव्हा तिकडे घरोघरी छतातून पाणी कोसळलं. तुमचे भाऊ-बहीण तिकडे राहत असतील तर त्यांना हे आवर्जून सांगा. त्यांची घरं या थंडीसाठी बांधलेलीच नसतात.

पहिल्याच आठवड्यात: मेन कॉक शोधा

घराच्या चाव्या हातात आल्या, कलश ठेवून झाला, की बेसमेंटमध्ये उतरा. शिकागोकडे पाण्याचा मुख्य पाईप साधारणपणे रस्त्याच्या बाजूच्या भिंतीतून किंवा तिथल्या जमिनीतून वर येतो. तिथेच मीटर असतो, आणि मीटरच्या अलीकडे-पलीकडे बंद करायचे कॉक. बेसमेंट नसेल तर फर्नेस (घर तापवणारी भट्टी) आणि वॉटर हीटरच्या खोलीत बघा. टाऊनहाऊस किंवा काँडो असेल तर मॅनेजमेंटला लेखी विचारा. "फक्त आमच्या युनिटचं पाणी कुठून बंद होतं?" असं नेमकं विचारा. काही इमारतींत एका कॉकवर चार घरं असतात.

कॉक दोन प्रकारचे असतात. दांडीवाला असेल तर तो बॉल व्हॉल्व्ह. दांडी पाईपाच्या दिशेने असली की चालू, आडवी केली की बंद. एकदा बघून पाठ होतं. गोल चाकाचा असेल तर तो गेट व्हॉल्व्ह. घड्याळाच्या दिशेने बरेच वेढे फिरवावा लागतो, आणि वीस-तीस वर्षं कोणी हात लावला नसेल तर तो घट्ट बसलेला असतो. जोर लावू नका, आतली दांडी तुटते. प्लंबरला बोलावून त्या जागी बॉल व्हॉल्व्ह बसवून घ्या. पहिल्या वर्षी घरावर एकच खर्च करायचा असेल, तर माझ्या मते तो हाच.

मग प्रत्यक्ष करून बघा. कॉक बंद करा, वरच्या मजल्यावरचा एक नळ उघडा, धार बारीक होत थांबली पाहिजे. थांबली नाही, तर कॉक नीट बंद होत नाही हे आजच कळलं. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला हे करायला लावा. तुम्ही ऑफिसात असताना आई-बाबा घरी एकटे असतात, त्यांनाही दाखवा. आम्ही कॉकला लाल रिबीन बांधली आहे आणि भिंतीवर मोठ्या अक्षरांत मराठीत लिहिलंय, "पाणी बंद: दांडी आडवी". सासूबाई पंचाहत्तरीच्या आहेत, त्यांनाही ते येतं.

ऑक्टोबर: बाहेरचे नळ

उन्हाळ्यात भोपळ्याच्या वेलाला, टोमॅटोला पाणी घालायला लावलेला होज पाईप बाहेरच्या नळाला तसाच राहतो. नवख्यांकडून होणारी ही सगळ्यात मोठी चूक आहे, आणि तिचा पत्ता एप्रिलपर्यंत लागत नाही.

नव्या घरांत बाहेरचा नळ बहुधा न गोठणाऱ्या जातीचा असतो. त्याची फिरवायची मूठ बाहेर असते, पण पाणी अडवणारी खरी जागा आठ-बारा इंच आत, घराच्या उबेत असते. नळ बंद केला की मधल्या नळीतलं पाणी उताराने बाहेर वाहून जातं. होज लावलेला असेल तर ते पाणी बाहेर जात नाही, नळीतच राहतं. डिसेंबरात ते गोठतं, भिंतीच्या आत नळी चिरते आणि सगळा हिवाळा काहीच होत नाही, कारण नळ बंद आहे. एप्रिलमध्ये पहिल्या उन्हाळ दिवशी तुम्ही नळ उघडता. बाहेर धार बारीक येते, आणि उरलेलं पाणी भिंतीतून खाली बेसमेंटमध्ये. "न गोठणारा नळ आहे" असं विकणाऱ्याने सांगितलं असलं तरी होज काढायचाच.

घर जुनं असेल तर आत, बहुधा बेसमेंटच्या छतालगत, त्या नळाचा वेगळा छोटा कॉक असतो. तो बंद करा, बाहेरचा नळ उघडा, आणि कॉकच्या बाजूला छोटी पितळी टोपी असेल तर खाली भांडं धरून ती सैल करा. अडकलेलं कपभर पाणी निघतं. टोपी परत लावा, बाहेरचा नळ हिवाळाभर उघडाच ठेवा.

लॉनला स्प्रिंकलर असतील तर त्या जमिनीखालच्या नळ्या कॉम्प्रेसरच्या हवेने फुंकून रिकाम्या कराव्या लागतात. हे काम माणूस बोलावूनच करा. गॅरेजमधला टायरचा छोटा कॉम्प्रेसर त्याला पुरत नाही, आणि जास्त दाबाची हवा चुकीची सोडली तर नळ्या आणि माणूस दोघांनाही इजा होते. ऑक्टोबरच्या शेवटी सगळ्यांनाच हा माणूस हवा असतो, म्हणून वेळ सप्टेंबरात ठरवा.

नोव्हेंबर: थंड कोपरे हुडका

बाहेर चांगली थंडी आणि वारा असेल अशा संध्याकाळी घरभर हात फिरवत चाला. अगदी शब्दशः. सिंकखालच्या कपाटात हात घाला, बाहेरच्या भिंतीला लावून बघा. ज्या सिंकच्या वर खिडकी आहे तो बाहेरच्या भिंतीवरच असणार, आणि किचनच्या सिंकवर खिडकी हवी असं इथे सगळ्यांनाच वाटतं. गॅरेजच्या वरची बाथरूम, गॅरेजला लागून असलेली लाँड्री, घराच्या खाली रांगत जाण्याएवढी पोकळी असेल तर ती, आणि बेसमेंटमध्ये जिथे लाकडी तुळया काँक्रीटच्या भिंतीवर टेकतात ती कड: या कच्च्या जागा. तिथे केबल, गॅसची नळी किंवा एसीचा पाईप भिंतीतून आत येतो. त्याच्याभोवतीच्या फटीतून येणारी वाऱ्याची एक झुळूक पाईपाच्या एकाच बिंदूवर रात्रभर लागते आणि तिथे बूच बसतं. या फटी फोम किंवा सीलंटने बुजवा. छोट्या फटींना एक डबा आणि एक शनिवार पुरतो.

पाईपांवर चढवायच्या फोमच्या नळ्या दुकानात मिळतात. त्या चढवा, पण त्यांच्याकडून काय अपेक्षा करायची हे लक्षात ठेवा. फोम ऊब निर्माण करत नाही, असलेली ऊब जरा जास्त वेळ टिकवतो. स्वेटर माणसाला ऊब देतं कारण माणूस स्वतः गरम असतो. पाईप तसा नसतो. म्हणून बाहेरच्या भिंतीतल्या पाईपाला इन्सुलेशन हवं ते पाईप आणि बाहेरची थंडी यांच्यामध्ये. ते पाईप आणि खोली यांच्यामध्ये भरलं तर खोलीची ऊब पाईपापर्यंत पोचणारच नाही. घराचं काम करून घेताना हे उलटं झालेलं मी दोन घरांत पाहिलं आहे.

काही जागी पाईपाला विजेची उबेची पट्टी गुंडाळतात. घ्यायचीच तर स्वतःचा थर्मोस्टॅट असलेली घ्या, एकावर एक वेढे येऊ देऊ नका, आणि सूचनेबाहेर तिच्यावर कापड किंवा काही गुंडाळू नका. चुकीची लावलेली पट्टी आग लावते.

कडाक्याच्या रात्री

हवामानाच्या अंदाजात दोन आकडे येतात, खरं तापमान आणि विंडचिल, म्हणजे वाऱ्यामुळे अंगाला जाणवणारी थंडी. आपल्या कातडीसाठी विंडचिल बघायचं, पाईपासाठी खरं तापमान. वारा पाईपाला हवेपेक्षा थंड करू शकत नाही, पण फटीतून आत शिरून तो लवकर थंड करतो. खरं तापमान १० फॅरनहाइटच्या खाली जाणार असेल तर झोपण्यापूर्वी आम्ही हे करतो.

बाहेरच्या भिंतीवरच्या सिंकखालची कपाटं उघडी ठेवतो, म्हणजे खोलीची ऊब पाईपाला लागते. लहान मुलं असतील तर आतलं ब्लीच, साबण आधी वर उचला. गॅरेजचं दार बंद. थर्मोस्टॅट दिवसा जेवढा तेवढाच रात्री. बिल वाचवायला रात्री पारा उतरवायची सवय चांगली आहे, पण त्या दोन-तीन रात्री ती बाजूला ठेवा.

आणि कच्च्या जागेचा नळ बारीक सोडून ठेवतो, गार आणि गरम दोन्ही बाजूंनी. तुटता तुटता राहील एवढी धार पुरते. निफाडला पारा घसरला की द्राक्ष बागायतदार पहाटे मोटार सुरू करून बागेला पाणी देतात, कारण जमिनीखालचं पाणी हवेपेक्षा उबदार असतं. इथेही तेच. शिकागोकडे घराचा पाया निदान ४२ इंच खोल घ्यावा लागतो, कारण तिथवर जमीन गोठू शकते, आणि पाण्याचे मुख्य पाईप त्याहून खाली असतात. तिथून येणारं पाणी गार असलं तरी गोठणबिंदूच्या वर असतं. शिवाय नळ किंचित उघडा असला की बूच बसलं तरी पुढचा दाब मोकळा होतो, आणि पाईप वाचतो तो मुख्यतः त्यामुळे. पाणी वाया जातंय याचा जीवाला त्रास होतो, मलाही होतो. खाली पातेलं ठेवा, सकाळी झाडांना घाला.

एक गोष्ट कधीही करू नका. वीज गेली किंवा फर्नेस बंद पडली म्हणून घरात शेगडी, कोळशाचं ग्रिल पेटवू नका, गॅसचा ओव्हन उघडा ठेवून खोली तापवू नका, जनरेटर गॅरेजमध्येसुद्धा लावू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. २०२१ च्या टेक्सासच्या थंडीत अनेक माणसं गोठून नाही, या वायूने गेली. प्रत्येक मजल्यावर अलार्म असू द्या आणि थंडीआधी त्याचं बटण दाबून बघा. फर्नेस सुरू होत नसेल आणि घर थंड पडत चाललं असेल, तर मेन कॉक बंद करा, नळ उघडून पाईप रिकामे करा आणि ओळखीच्यांकडे झोपायला जा.

गोठलाच तर

एकाच नळाला पाणी नाही, बाकी सगळीकडे आहे, म्हणजे त्या नळाचा पाईप गोठला. आधी एक माणूस मेन कॉकजवळ उभा करा. घरात एकटेच असाल तर कॉक बंद करूनच कामाला लागा. मग तो नळ उघडा ठेवा, वितळलेल्या पाण्याला वाट हवी. हेअर ड्रायर घ्या आणि नळाकडून सुरुवात करत मागे मागे जा. मधूनच सुरुवात केली तर दोन बुचांमध्ये पाणी अडकतं. गरम पाण्यात पिळलेले टॉवेलही चालतात. ब्लो टॉर्च, मेणबत्ती, कुठलीही ज्योत नको. भिंतीतल्या लाकडाला लागलेली आग बाहेरून दिसत नाही. अर्ध्या-पाऊण तासात काही हाललं नाही, किंवा पाईप भिंतीच्या आत असेल, तर प्लंबर बोलवा.

पाईप फुटलाच तर क्रम असा: मेन कॉक बंद, खालचे-वरचे नळ उघडून पाईपातलं उरलेलं पाणी काढून टाका, मग फोटो आणि व्हिडिओ, मग विमा कंपनी. पाणी दिव्यांपर्यंत, प्लगपर्यंत आलं असेल तर त्या भागाची वीज बंद करा. पण विजेच्या पॅनलपर्यंत जायला पाण्यातून चालावं लागणार असेल तर जाऊ नका, वीज कंपनीला किंवा अग्निशमन दलाला फोन करा. ओला गालिचा, ओली ड्रायवॉल (भिंतींची जिप्समची पाटी) दोन दिवसांत बुरशी धरते. म्हणून पंखे आणि डीह्युमिडिफायर त्याच दिवशी लावा, विमा कंपनीचा माणूस येईपर्यंत थांबू नका.

छप्पर, पन्हळ आणि पंप

आपल्याकडे पावसात वळचणीला पागोळ्या लागतात. इथे त्या गोठतात. वळचणीवरून लोंबणारे काचेसारखे सुळे पाहून मुलं हरखतात, फोटो काढतात. एखाद-दुसरा असेल तर ठीक. ओळीने जाडजूड असतील तर छपरावर बर्फाचा बांध तयार होतोय असं समजा. घराची ऊब अ‍ॅटिकमध्ये गळते, छपराचा वरचा भाग गरम होतो, तिथला स्नो खालून वितळतो, पाणी उताराने खाली येतं आणि वळचणीच्या थंड कडेवर पुन्हा गोठतं. बांध वाढला की मागे पाणी तुंबतं आणि कौलांखालून, म्हणजे इथल्या शिंगल्सखालून, घरात उतरतं.

तात्पुरता उपाय म्हणजे लांब दांड्याचा छपरासाठीचा खोरा. जमिनीवर उभं राहून कडेचा तीन-चार फूट स्नो ओढून काढायचा. वीज वाहणाऱ्या तारा जवळ असतील तर हेही नको. छपरावर चढू नका, हातोडीने बर्फ फोडू नका, आणि रस्त्यावरचं मीठ वर टाकू नका. मिठाने पन्हळी गंजतात आणि खालची झाडं मरतात. खरा उपाय अ‍ॅटिकमध्ये आहे: दिव्यांच्या, पाईपांच्या, वर चढायच्या झडपेच्या कडेच्या फटी बुजवणं, मग इन्सुलेशन आर-४९ ते आर-६० पर्यंत नेणं, आर म्हणजे ऊब अडवण्याचं माप (फुंकून भरलेल्या फायबरग्लासचा साधारण दीड फुटाचा थर), आणि वळचणीखालच्या हवेच्या जाळ्या मोकळ्या ठेवणं. बाथरूमचा पंखा अ‍ॅटिकमध्येच हवा सोडतोय का तेही बघा. ती वाफ तिथे गोठते आणि नंतर ठिबकते.

पन्हळीतली पानं नोव्हेंबरच्या शेवटी काढा. बेसमेंटमध्ये सम्प पंप (खड्ड्यात साचलेलं जमिनीतलं पाणी उपसणारा पंप) असेल तर त्याचं पाणी बाहेर टाकणारी नळी नक्की बघा. लांब लवचीक नळी जमिनीवर आडवी पडलेली असेल तर तिच्यात पाणी साचून गोठतं, पंप चालत राहतो आणि पाणी कुठेच जात नाही. हिवाळ्यात ती काढून ठेवा आणि मूळचा पाईप उताराने, घरापासून दूर, वाटेवर बर्फ होणार नाही अशा जागी मोकळा सुटू द्या.

ड्राइव्हवेवर टाकायचं साधं मीठ १५ फॅरनहाइटच्या खाली फारसं काम करत नाही. त्याहून थंडीला कॅल्शियम क्लोराइड घ्या. यंदाच ओतलेलं काँक्रीट असेल तर पहिल्या हिवाळ्यात त्यावर मीठ नको, वाळू टाका.

डिसेंबरात भारतात जाताना

आता जे सांगण्यासाठी मुख्यतः बसले ते. आपण भारतात जातो ते मुलांच्या सुट्टीत, डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापासून जानेवारीपर्यंत. म्हणजे घर नेमकं सगळ्यात थंड दिवसांत रिकामं.

२०१४ साली आम्ही तीन आठवडे पुण्यात होतो. हीटिंग ६० वर ठेवून गेलो होतो, तेवढं पुरेल असं सगळ्यांनी सांगितलं होतं. ६ जानेवारीला इथे पारा उणे १६ फॅरनहाइटपर्यंत गेला. आमच्या फर्नेसची हवा आत-बाहेर नेणाऱ्या दोन पांढऱ्या नळ्या घराच्या बाजूला जमिनीपासून जेमतेम फूटभर वर होत्या. वाऱ्याने तिथे स्नोचा ढीग रचला, नळ्या बुजल्या, फर्नेस सुरक्षेसाठी आपणहून बंद पडली आणि घर गोठलं. पुढे थंडी ओसरली, बर्फ वितळला आणि पाणी सुटलं. आम्ही परतलो आणि दार उघडलं तेव्हा आत पाऊस पडत असल्यासारखा आवाज येत होता. जेवणाच्या टेबलावर छताचा तुकडा पडला होता. बेसमेंटमध्ये खोक्यात आईची पाककृतींची वही होती, शाईच्या पेनाने लिहिलेली. तिची पानं निळी झाली होती. लाकडी फरशी, भिंती, गालिचे विम्यातून नवे झाले.

म्हणून हीटिंग चालू ठेवणं पुरत नाही. पाणी बंद करायचं. निघायच्या दिवशी, बॅगा गाडीत ठेवून झाल्यावर, शेवटचं काम म्हणून हे करा.

मेन कॉक बंद करा. सगळ्यात वरच्या मजल्यावरचे आणि सगळ्यात खालचे, लाँड्रीतले, नळ गार-गरम दोन्ही उघडा, म्हणजे पाईपातलं पाणी खाली उतरून जाईल. सगळे फ्लश एकेकदा ओढा. पाणी थांबलं की नळ बंद करायची घाई नको, मी ते उघडेच ठेवून जाते. गॅसचा वॉटर हीटर "व्हेकेशन"वर करा, विजेचा असेल तर त्याचा ब्रेकर पाडा. फ्रीजचा बर्फ करणारा भाग आणि फर्नेसला जोडलेला ह्युमिडिफायर बंद करा. थर्मोस्टॅट ६० वर ठेवा, ५५ च्या खाली कधीच नको. घरात अग्निशमनाचे स्प्रिंकलर असतील तर त्यांच्या लाइनला हात लावू नका. रेडिएटरमध्ये गरम पाणी फिरवून तापणारं घर असेल तर पाणी बंद करण्याआधी हीटिंगच्या माणसाला विचारा.

थर्मोस्टॅट फोनवर दिसणारा असेल तर ५० च्या खाली गेल्यावर सूचना येईल असं करून ठेवा. आणि ती सूचना पुण्यात रात्री दोनला आली तर इथे घरात कोण जाईल हेही ठरवा. किल्ली एका शेजाऱ्याकडे, मेन कॉक त्यांना दाखवलेला, प्लंबरचा नंबर फ्रीजवर. आठवड्यातून दोनदा कोणीतरी आत चक्कर मारावी आणि स्नो पडल्यावर फर्नेसच्या नळ्या मोकळ्या कराव्यात. मंडळातल्या तीन-चार कुटुंबांनी हे आपसांत वाटून घेतलं तर कोणालाच जड जात नाही. आम्ही आता तसंच करतो.

विम्याची पॉलिसी निघायच्या आधी एकदा वाचा. घर रिकामं असताना पाईप गोठून झालेली हानी भरून देण्यासाठी बहुतेक पॉलिसींत अट असते, की तुम्ही घर तापतं ठेवायची किंवा पाणी बंद करून पाईप रिकामे करायची वाजवी काळजी घेतली होती. म्हणून आडव्या दांडीचा आणि थर्मोस्टॅटचा फोटो काढा. दहा सेकंदांचं काम आहे.

परत आल्यावर घाई करू नका, प्रवासाने अंग आंबलेलं असलं तरी. आधी घरभर फिरा, छताला डाग, भिंतीला फुगा काही दिसतंय का बघा. मग वरचा एक नळ सोडून बाकी सगळे बंद करा आणि मेन कॉक हळूहळू, थोडा थोडा उघडा. हवा फुरफुरत बाहेर येईल, पाणी आधी लालसर येईल. एकाने बेसमेंटमध्ये उभं राहून कान द्यावा: सगळे नळ बंद केल्यावर कुठेही पाण्याचा आवाज राहता कामा नये, आणि मीटरवरचा छोटा काटा स्थिर असला पाहिजे. गरम पाण्याचा नळ उघडून अखंड धार येते आहे, म्हणजे हीटरची टाकी भरलेली आहे, याची खात्री झाली की मगच हीटर सुरू करा. किचनचा नळ दोन-तीन मिनिटं वाहू द्या. पाणी स्वच्छ आलं की चहा ठेवा.